पदवी, पगार आणि कर्जाचा हप्ता
(मंडळाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो, पुष्पगुच्छ देतो, फोटो काढतो आणि घरी जातो. यावर्षी कार्यकारिणीने ठरविले की सत्काराआधी अर्धा तास पैशाविषयी बोलावयाचे. काहींना हे रुचले नाही. मुलांच्या आनंदाच्या दिवशी कर्जाच्या गोष्टी कशाला, असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. त्यांचे म्हणणे आम्ही समजू शकतो. परंतु आमच्याच हातून एक चूक घडलेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय आम्हाला पुढच्या मुलांच्या हातात फुले देववत नाहीत.

सुमारे बारा वर्षांपूर्वी याच सभागृहात आपण एका मुलीचा सत्कार केला. वडील नगरपालिकेत सफाई कामगार, आई धुणीभांडी करणारी. मुलीला बारावी विज्ञानला पासष्ट टक्के गुण. डॉक्टर होणे शक्य नव्हते. कोणीतरी सांगितले की ‘पॅरामेडिकल’ला फार मागणी आहे, दवाखाने वाढताहेत, पोरगी कधी बेकार राहणार नाही. तिने एका खाजगी संस्थेत प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश घेतला. पाच लाखांचे कर्ज काढले, वडील सहकर्जदार. बँकेत आमच्यापैकी दोघे सोबत गेले होते. साहेबांना आम्हीच सांगितले, मुलगी हुशार आहे, फेडील. संस्थेची फी किती आहे हे आम्ही विचारले. शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना पहिला पगार किती मिळतो, हे मात्र आम्हापैकी एकानेही विचारले नाही.

ती चांगल्या गुणांनी पास झाली. शहरातल्या एका प्रयोगशाळेत अकरा हजारांवर लागली. तोवर पाच लाखांचे व्याजासकट साडेसहा लाख झाले होते आणि हप्ता आला साडेआठ हजारांच्या घरात. अकरा हजारांतून साडेआठ हजार गेले, तर बसभाडे आणि डबा कशातून? दोन वर्षे हप्ते मागेपुढे झाले. मग वडील निवृत्त झाले आणि त्यांच्या फंडाचा, ग्रॅच्युइटीचा मोठा भाग बँकेत गेला. एकदा ते आम्हाला रस्त्यात भेटले आणि म्हणाले, “दादा, पोरीचं शिक्षण झालं, पण हप्ता काय शिकून संपला नाही.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यामुळेच आम्हाला ते जास्त लागले.

आणि खरी किंमत तिने मोजली नाही, तिच्या धाकट्या भावाने मोजली. २०२० साली तो बारावी झाला. त्याला फिजिओथेरपीला जावयाचे होते. घरातले एक खाते थकलेले असल्याने बँकेने दुसरे कर्ज देण्यास नकार दिला. आज तो माल पोचविण्याचे काम करतो. आपण तेव्हा त्या घराकडे फिरकलो नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

म्हणून आज आम्ही कोणी तज्ज्ञ या नात्याने बोलत नाही. त्या चुकीनंतर बँकांत, समाजकल्याण कार्यालयात आणि दवाखान्यांत खेटे घालून जे शिकलो, ते मांडत आहोत.

प्रथम हे अभ्यासक्रम म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. डॉक्टर आणि परिचारिका सोडून रुग्णालयात जी माणसे काम करतात, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, एक्स-रे आणि सीटी स्कॅन काढणारे, रक्त-लघवी तपासणारे, डायलिसिसचे मशीन चालविणारे, चष्म्याचा नंबर तपासणारे, बहिऱ्या-मुक्या मुलांना बोलावयास शिकविणारे, त्या सर्वांचे हे शिक्षण. आपल्या राज्यात याची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली, ती देशातील पहिली. पुढे १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि हे शिक्षण बऱ्याच अंशी एका छत्राखाली आले. २०२१ साली संसदेने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यापूर्वी यांतल्या कित्येक व्यवसायांना देशपातळीवर कोणी वाली नव्हता, आणि त्याचा फायदा घेऊन गल्लोगल्ली ‘पॅरामेडिकल कॉलेज’च्या पाट्या लागल्या होत्या. काही अजून आहेत.

आता हिशेब. विद्यार्थी मित्रांनी वही काढावी, ही विनंती. उदाहरण म्हणून एका खाजगी महाविद्यालयाची फी वर्षाला दीड लाख धरू. चार वर्षांचे सहा लाख. व्याजाचा दर हिशेबाला सोपा जावा म्हणून दहा टक्के धरू; प्रत्यक्षात तो थोडा कमी-जास्त असतो. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष बँक हप्ता मागत नाही. पुष्कळ पालकांना वाटते की तोवर व्याजही लागत नाही. हा गैरसमज आहे. व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते, फक्त ते बाजूला लिहून ठेवले जाते.

चार वर्षे अभ्यास, सहा महिने इंटर्नशिप, एक वर्ष सवलतीचे, अशी साडेपाच वर्षे झाली. पहिल्या वर्षी उचललेल्या दीड लाखावर साडेपाच वर्षांचे सरळव्याज ८२,५०० रुपये होते. दुसऱ्या वर्षीच्या दीड लाखावर ६७,५००, तिसऱ्यावर ५२,५००, चौथ्यावर ३७,५००. बेरीज करा: दोन लाख चाळीस हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी आपण सहा लाखांचे नव्हे, आठ लाख चाळीस हजारांचे देणेकरी असतो. दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याला ११,१०० रुपये. पंधरा वर्षांत फेडू म्हटले तर हप्ता ९,०२७ वर येतो, पण एकंदर सोळा लाखांहून अधिक भरावे लागतात. यात वसतिगृह, मेस, पुस्तके, मोबाईल काही धरलेले नाही.

आता दुसरा मुलगा पाहा. त्याला शासकीय किंवा महानगरपालिकेच्या महाविद्यालयात जागा मिळाली, शिष्यवृत्तीने फी भागली, आणि राहण्या-जेवण्यासाठी त्याने वर्षाला पन्नास हजारांप्रमाणे दोन लाख उचलले. त्याच पद्धतीने त्याचे दोन लाख ऐंशी हजार होतात आणि हप्ता येतो ३,७०० रुपये. दोघांच्या पदवीपत्रावर एकाच विद्यापीठाचे नाव. दोघेही एकाच दवाखान्यात नोकरीला लागले तर पगारही सारखाच. खाजगी दवाखान्याचा मालक पगार ठरविताना तुमच्या वडिलांनी किती फी भरली हे विचारत नाही.

पगार किती? याचे एकच एक उत्तर नाही, आणि जो छातीठोक आकडा सांगतो त्याच्यापासून जपावे. आपल्या वस्तीतली मुले आम्हाला जे सांगतात त्यावरून खाजगी ठिकाणी सुरुवातीला पंधरा ते वीस हजार हातात पडले तर बरे झाले असे समजतात. पंधरा हजारांतून ११,१०० गेले तर ३,९०० राहतात. त्यात मुंबईत कोण राहील? आमचा एक साधा ठोकताळा आहे. पहिल्या वर्षीच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा हप्ता मोठा होत असेल, तर ते कर्ज तुमच्या पदवीला पेलणारे नाही. पगार अठरा हजार धरला तर हप्ता साडेचार हजारांच्या आत हवा. सरकारी नोकरी लागली तर गणित बदलते हे खरे, पण जाहिरात निघण्याआधीच ती नोकरी हिशेबात धरू नये. अनेक सरकारी रुग्णालयांतील जागाही आता कंत्राटी असतात. २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस केंद्रे निघाली, ती चांगलीच गोष्ट झाली. पण ती चालविण्यास बहुधा खाजगी भागीदार असतो आणि तंत्रज्ञ त्याचा नोकर असतो. मागणी वाढली म्हणजे पगार वाढलाच असे होत नाही.

पहिल्या पगाराइतकेच महत्त्वाचे म्हणजे तो पगार पुढे कुठवर जाऊ शकतो. प्रयोगशाळा तंत्रज्ञानाला जाणाऱ्या कित्येक मुलांच्या मनात असते की पाच वर्षांनी स्वतःची लॅब टाकू. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपासणीच्या अहवालावर सही करणारा हा पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पदवी असलेला नोंदणीकृत डॉक्टर असला पाहिजे. म्हणजे केवळ तंत्रज्ञाच्या सहीवर लॅब चालत नाही. ‘स्वतःची लॅब’ हे स्वप्न दाखवून कोणी लाख रुपये जास्त फी घेत असेल तर हे लक्षात ठेवावे. याउलट फिजिओथेरपीत पुढे स्वतःचा लहानसा दवाखाना काढता येतो. मात्र मशीन, जागेचे भाडे आणि ओळख होईपर्यंतची दोन-तीन वर्षे सोसावी लागतात, आणि हल्ली पदव्युत्तर पदवीही बहुतेकांना घ्यावी लागते. डोक्यावर अकरा हजारांचा हप्ता असलेला मुलगा तेवढे थांबू शकत नाही. तो मिळेल ती नोकरी धरतो. कर्जाने असे होते की पैसा तर जातोच, थांबण्याची ताकदही जाते.

आणखी एक. राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये फिजिओथेरपीसाठी जो नवा अभ्यासक्रम जाहीर केला, तो इंटर्नशिपसह पाच वर्षांचा आहे. आतापर्यंत आपल्याकडे साडेचार वर्षे लागत. सहा महिने वाढले म्हणजे सहा महिन्यांचे व्याज वाढले आणि सहा महिन्यांचा पगार पुढे गेला. इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळते की नाही, हेही प्रवेशाआधी विचारा. काही ठिकाणी छदामही मिळत नाही.

आता कर्जापूर्वी काय करावयाचे. आपल्यापैकी फार थोडे पालक हे नीट करतात, म्हणून याच भागावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

१९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्याही सवलती मिळू लागल्या. त्यासाठी केवढा लढा द्यावा लागला हे येथील ज्येष्ठांना ठाऊक आहे. एवढे करून मिळविलेली शिष्यवृत्ती आपली मुले एका कागदासाठी घालवितात. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. त्यावर उत्पन्न असल्यास राज्याची फ्रीशिप आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरावयाचे. परंतु प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली. “फेरीची वाट कशाला पाहता, आजच दहा हजार भरा आणि जागा पक्की करा,” असे फोन जुलै महिन्यात येतात. त्या दहा हजारांनी पुढचे सहा लाख ओढून आणले, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. अभिमत विद्यापीठांची फी राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे तिथे तर प्रत्येक गोष्ट लेखी विचारून घ्यावी.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच टाकावा. बारावीच्या निकालानंतर समितीच्या दारात रांग लावून उपयोग नसतो. आजोबांच्या शाळेचा दाखला गावी असतो, गावाला जाण्यास कोणाला वेळ नसतो, आणि शेवटी चांगली जागा हातची जाते.

शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती २०१६-१७ पासून सुरू आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत शिकणाऱ्यास भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये खात्यात जमा होतात. मघाच्या आपल्या दुसऱ्या मुलाचे पन्नास हजार आठवा. ही रक्कम वेळेवर आली तर त्याला कर्जाची गरजच उरत नाही.

‘वेळेवर आली तर’ असे आम्ही मुद्दाम म्हटले. ही रक्कम उशिरा येते, शिष्यवृत्तीही उशिरा येते, आणि मधल्या काळात महाविद्यालय परीक्षेचा अर्ज अडवून धरते. मग पालक बचत गटातून, फायनान्स कंपनीतून किंवा सावकाराकडून उचलतात, आणि सरकारी पैसा आला तरी त्या व्याजातच विरून जातो. बँकेचे कर्ज जितके वाईट वाटते त्याहून हे लहान कर्ज वाईट आहे. यासाठी मंडळाने एक छोटा फिरता निधी काढावा, शिष्यवृत्ती मंजूर असलेल्या मुलास चार-सहा महिन्यांसाठी बिनव्याजी द्यावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. विहाराच्या रंगकामाचा खर्च एक वर्ष पुढे ढकलला तर हा निधी उभा राहतो. यावर मतभेद आहेत, ते बैठकीत होतील.

एवढे करूनही कर्ज लागलेच तर ते घ्यावे. आम्ही कर्जाच्या विरोधात नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला पत हमी योजनेमुळे तारण लागत नाही. त्यावर गेलात की घराचे कागद मागतात, आणि आपल्या वस्तीत घराचे कागद किती जणांकडे आहेत ते आपण जाणतोच. आमचे सांगणे इतकेच की तारणाची वेळ येईल इतके मोठे कर्ज या पदव्यांसाठी काढूच नये. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचीही चौकशी करावी. पालकांचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि महाविद्यालय मानांकनप्राप्त असेल, तर शिकत असतानाच्या काळातील व्याज केंद्र सरकार भरते. मघाच्या उदाहरणातले दोन लाख चाळीस हजार म्हणजे हेच व्याज. पण ते आपोआप भरले जात नाही. तहसीलदाराचा दाखला बँकेत वेळेत द्यावा लागतो आणि पोच घ्यावी लागते.

ही योजना लागू नसेल तर शिकत असतानाच व्याज भरावे. पहिल्या वर्षी महिन्याला फक्त १,२५० रुपये येतात, दुसऱ्या वर्षी २,५००. चौथ्या वर्षी पाच हजार होतात, तेव्हा जड जाते हे खरे. जेवढे जमेल तेवढे भरा. पूर्ण भरलेत तर सवलतीच्या वर्षानंतर सहा लाखच उरतात आणि दहा वर्षांचा हप्ता ११,१०० ऐवजी ७,९२९ होतो. असे व्याज भरणाऱ्यास पुष्कळ बँका दरात एक टक्का सूटही देतात. साहेब स्वतःहून सांगत नाहीत, विचारावे लागते.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले की बाबासाहेबांनीही कर्ज काढूनच शिक्षण घेतले ना, मग आम्ही का घाबरावे? प्रश्न चांगला होता. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. १९२० साली ते अपुरे शिक्षण पुरे करण्यास लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून शिल्लक टाकलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये एवढी त्यांची पुंजी होती. म्हणजे आधी शिष्यवृत्ती, मग स्वतःची बचत, आणि उरलेल्यासाठी उसने. त्या मुलाला आम्ही विचारले की तुझा अर्ज महाडीबीटीवर भरला का? तो म्हणाला, अजून नाही.

नोंदणीविषयी दोन शब्द सांगून थांबतो. संस्थेने कितीही गुळगुळीत माहितीपत्रक दिले तरी तीन गोष्टी स्वतः तपासा: विद्यापीठ कोणते, त्या अभ्यासक्रमास त्या वर्षीची मान्यता आहे का, आणि पदवीनंतर संबंधित परिषदेत नाव नोंदले जाते का. वाचा-श्रवण उपचाराच्या पदवीसाठी भारतीय पुनर्वास परिषद आहे, फिजिओथेरपीसाठी राज्याची परिषद आहे. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था किंवा हाजी अलीची पुनर्वसन संस्था या केंद्र सरकारच्या आहेत, तिथल्या पदव्या आपल्या मुलांना ठाऊकच नसतात. आणि त्याच महाविद्यालयातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तीन मुलांना गाठा. पगार किती, हप्ता किती, पुन्हा हेच शिकाल का, एवढे विचारा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये कळणार नाही ते चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत कळते.

येत्या रविवारपासून प्रवेश संपेपर्यंत दर रविवारी सकाळी दहा ते एक विहाराच्या मागच्या खोलीत आपण एक टेबल लावीत आहोत. ज्या मुलीची गोष्ट सुरुवातीला सांगितली, ती आता एका रुग्णालयात कायम नोकरीवर आहे, तिचे कर्ज फिटले आहे, आणि कागदपत्रे तपासण्यास ती स्वतः बसणार आहे. तिनेच तिचा किस्सा सांगण्याची आम्हाला परवानगी दिली. तिच्या भावाचे वय अजून गेलेले नाही, त्याचाही अर्ज यावर्षी भरावयाचा आहे. येताना गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र आणि महाविद्यालयाने दिलेला फीचा तक्ता आणावा. पैसे भरण्यापूर्वी यावे, भरल्यावर नव्हे. आणि आईवडिलांपैकी एकाने तरी सोबत यावे, कारण सही त्यांचीही लागणार आहे. जयभीम.